विश्लेषण : खेळाडू गेला ग्रीन बेला, बिल वाढले डॅलसमध्ये! अमेरिकी फुटबॉल पाहणे इतके महाग का?

दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन आटोपून शहर झोपायला गेले होते. रात्रपाळीत पान बंद करत असताना इंजिनीअरिंगच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप अचानक जागा झाला. टेक्सासमधील अर्व्हिंगला राहणाऱ्या वर्गमित्राचा मेसेज होता, ‘‘पार्सन्सला घालवला रे!’’ एमएस करायला गेलेला हा मुलगा तिथे डॅलस काउबॉइजचा कट्टर चाहता झाला आहे. पहिला शोक ओसरल्यावर अर्ध्या तासाने त्याचा दुसरा मेसेज आला, ‘‘आता याचे सामने बघायचे तर वेगळं पॅकेज घ्यावं लागणार. यांच्या करोडोंच्या करारांचे पैसे आम्हीच भरायचे का?’’

अमेरिकेत नॅशनल फुटबॉल लीगचा (एनएफएल) मोसम सुरू होण्याच्या तोंडावर दरवर्षी या दोन विषयांवर वाद रंगतो : कोणत्या संघाने कोणाला घेतले आणि सामने पाहायला यंदा किती मोजायचे. चाहते हे दोन्ही विषय एकाच दमात बोलतात, कारण त्यांना त्यांचा संबंध सरळ वाटतो. खेळाडू महागले म्हणून वर्गणी महागली, असा. संबंध आहे, पण तो असा नाही.

पार्सन्स प्रकरण काय?

मायका पार्सन्स हा बचावफळीतला खेळाडू. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधी त्याच्यावर धडकून त्याला पाडणे, हे त्याचे काम. (हा फुटबॉल मेसीचा नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट आणि हातांचा मुक्त वापर असलेला अमेरिकी फुटबॉल.) २०२१ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने त्याला बाराव्या क्रमांकावर निवडले आणि चार मोसमांत त्याने ५२.५ सॅक केले. नव्या कराराची बोलणी फिसकटल्यावर १ ऑगस्टला त्याने जाहीरपणे दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी केली. २८ ऑगस्टला डॅलसने त्याला ग्रीन बे पॅकर्सकडे दिले. बदल्यात डॅलसला २०२६ आणि २०२७ मधील ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि केनी क्लार्क हा खेळाडू मिळाला. म्हणजे ही विक्री नाही, अदलाबदल आहे. युरोपातील फुटबॉलप्रमाणे एका क्लबने दुसऱ्याला रोख रक्कम मोजण्याची पद्धत इथे नाही.

पैसा मिळाला तो पार्सन्सला. ग्रीन बेने त्याच्याशी चार वर्षांचा १८.८ कोटी डॉलरचा करार केला. डॉलर ८८ रुपये धरला तर साधारण १,६५० कोटी रुपये. क्वार्टरबॅक नसलेल्या खेळाडूला वर्षाला सरासरी ४.७ कोटी डॉलर याआधी कोणीच दिले नव्हते. अर्थात, असा मथळ्यातला आकडा वाचताना हात राखून वाचावा. एनएफएलमध्ये करार मध्येच मोडता येतो, त्यामुळे खरा आकडा ‘हमी’चा असतो. पार्सन्सच्या बाबतीत सही करताच पूर्ण हमी मिळालेली रक्कम १२ कोटी डॉलर आहे.

मग डॅलसच्या चाहत्याचे बिल का वाढते?

कारण एनएफएलमध्ये तुम्ही काय पाहू शकता, हे तुम्ही कुठे राहता यावर ठरते. रविवारी दुपारी एकाच वेळी अनेक सामने सुरू असतात. ते सीबीएस आणि फॉक्स या दोन वाहिन्यांवर विभागलेले असतात आणि प्रत्येक शहरातील स्थानिक केंद्र त्यातले दोन-तीनच दाखवते. डॅलसमध्ये डॅलसचा सामना दिसणारच. छतावर किंवा खिडकीत साधा अँटेना लावला तरी तो फुकट दिसतो. पण त्याच वेळी ग्रीन बेचा सामना सुरू असेल तर तो ‘बाहेरच्या बाजारपेठेतला’ ठरतो. तो पाहायचा तर ‘संडे तिकीट’ नावाचे स्वतंत्र पॅकेज घ्यावे लागते.

माझा मित्र २७ ऑगस्टपर्यंत आवडता संघ आणि आवडता खेळाडू दोन्ही अँटेनावर पाहू शकत होता. दुसऱ्या दिवशी खेळाडू दीड हजार किलोमीटर उत्तरेला गेला आणि त्याच्यासोबत सामनेही बाजारपेठेबाहेर गेले. मित्राने घर बदलले नाही, संघ बदलला नाही. बदलली ती फक्त त्याच्या आवडत्या खेळाडूची जर्सी.

‘संडे तिकीट’ हे पॅकेज १९९४ पासून डायरेक्टीव्ही या उपग्रह सेवेकडे होते. २०२३ मध्ये ते यूट्यूबने घेतले. पहिल्या मोसमात त्याची मूळ किंमत ‘यूट्यूब टीव्ही’च्या ग्राहकांना ३४९ डॉलर आणि इतरांना ४४९ डॉलर होती. सवलती येत-जात असतात, पण साधारण पल्ला हाच. गंमत अशी की, या ४४९ डॉलरमध्ये गुरुवार, रविवार रात्र आणि सोमवारचे सामने येतच नाहीत. केवळ रविवार दुपार येते आणि तीही आपल्या शहरात न दिसणारी.

बाकीचे सामने कुठे दिसतात?

विखुरलेले. गुरुवारचे अॅमेझॉन प्राइमवर (२०२५ मध्ये महिना १४.९९ डॉलर), रविवार रात्रीचे एनबीसीवर, सोमवारचे ईएसपीएन आणि एबीसीवर. ईएसपीएनने २१ ऑगस्टला केबलशिवाय थेट मिळणारी सेवा सुरू केली, तेव्हा तिचे महिन्याला २९.९९ डॉलर पडत. २०२५ मध्ये नाताळचे दोन सामने नेटफ्लिक्सवर होते, तर त्याच रात्रीचा तिसरा अॅमेझॉनवर. त्याच मोसमातील शुक्रवारचा साओ पावलोतील कॅन्सस सिटी विरुद्ध चार्जर्स हा सामना यूट्यूबवर जगभर फुकट दिसला. भारतात तो शनिवारी पहाटे साडेपाचला होता, ज्याला जाग आली त्याने पाहिला. आणि केबलसारख्या सगळ्या वाहिन्या एकत्र हव्या असतील, तर ‘यूट्यूब टीव्ही’चे २०२५ मध्ये महिन्याला ८२.९९ डॉलर पडत. २०२३ मध्ये ते ७२.९९ होते.

एनएफएलचे यावरचे ठरलेले उत्तर असे की, आमचे सुमारे ८७ टक्के सामने मोफत वाहिन्यांवर आहेत. ते खोटे नाही. केबलवरचा किंवा स्ट्रीमिंगवरचा सामनाही खेळणाऱ्या संघांच्या गावात मोफत वाहिनीवर दाखवला जातो, असा नियमच आहे. जन्मला त्या गावात राहणारा आणि गावच्याच संघाचा चाहता असलेला माणूस जवळपास सगळा मोसम फुकट पाहतो. खिसा कापला जातो तो नोकरीसाठी शिकागोहून फिनिक्सला गेलेल्याचा. किंवा संघापेक्षा खेळाडूच्या मागे जाणाऱ्याचा. ‘८७ टक्के सामने मोफत’ याचा अर्थ ‘तुम्हाला हव्या त्या सामन्यांपैकी ८७ टक्के मोफत’ असा होत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

संघांकडे एवढा पैसा येतो कुठून?

याचे उत्तर शोधायला ग्रीन बे हेच सर्वांत सोयीचे गाव. विस्कॉन्सिन राज्यातील या शहराची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. पण पॅकर्स हा एनएफएलमधील एकमेव संघ आहे जो कोणा अब्जाधीशाच्या नव्हे, तर पाच लाखांहून अधिक सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. त्यामुळे त्याला दरवर्षी ताळेबंद जाहीर करावा लागतो. बाकीच्या ३१ मालकांच्या वह्या बंद असतात, ही एक उघडी.

मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात पॅकर्सला लीगकडून आलेला ‘राष्ट्रीय महसूल’ होता ४३.२६ कोटी डॉलर. यातला सर्वांत मोठा वाटा टीव्हीचा. हा पैसा ३२ संघांत समान वाटला जातो, म्हणजे प्रत्येकाला तेवढाच. आता दुसरा आकडा पाहा. २०२५ मध्ये एका संघाला खेळाडूंवर खर्च करण्याची कमाल मर्यादा, म्हणजेच सॅलरी कॅप, होती २७.९२ कोटी डॉलर. स्टेडियमचे एकही तिकीट, एकही जर्सी आणि बिअरचा एकही ग्लास विकला जाण्याआधी खेळाडूंचे पगार भागून वर पंधरा कोटी डॉलर उरतात.

समान वाटपाची ही पद्धत १९६१ पासूनची. तोपर्यंत प्रत्येक संघ आपापले हक्क विकायचा आणि न्यूयॉर्कसारखी शहरे लहान गावांच्या कितीतरी पुढे असायची. तेव्हाचे आयुक्त पीट रोझेल यांनी बड्या शहरांच्या मालकांना एकत्र हक्क विकून समान वाटून घ्यायला राजी केले. पण स्पर्धकांनी एकत्र येऊन भाव ठरवणे म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग. म्हणून अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी ‘स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग अॅक्ट’ करून लीगला सूट दिली. ती सूट प्रायोजकांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या प्रक्षेपणासाठी होती, म्हणजे घरात फुकट दिसणाऱ्या टीव्हीसाठी. हा मुद्दा पुढे न्यायालयात येणार आहे.

सध्याचे करार २०२१ मध्ये झाले : सीबीएस, फॉक्स, एनबीसी, ईएसपीएन-एबीसी आणि अॅमेझॉन मिळून ११ वर्षांसाठी ११० अब्ज डॉलरहून अधिक. रुपयांत साडेनऊ लाख कोटींच्या पुढे. यूट्यूब ‘संडे तिकीट’साठी जे वर्षाला सुमारे दोन अब्ज डॉलर देते, ते याच्या व्यतिरिक्त.

म्हणजे वर्गणीतूनच पगार होतात ना?

इथे मित्राशी माझा वाद झाला. एनएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेत २०२० मध्ये झालेल्या करारानुसार लीगच्या एकूण महसुलाचा किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा. त्यावरून दरवर्षी कॅप काढला जातो. म्हणजे आधी महसूल येतो, मग त्याच्या प्रमाणात पगाराची मर्यादा ठरते. पार्सन्सला १८.८ कोटी दिले म्हणून लीगला कुठून तरी जास्त पैसे काढावे लागतील, असे होत नाही. ग्रीन बेने त्याला जास्त दिले तर त्याच मर्यादेत दुसऱ्या कोणाला तरी कमी मिळेल. फार तर सहीचा बोनस कॅपच्या हिशेबात पाच वर्षांपर्यंत पसरवून आजचा बोजा उद्यावर ढकलता येतो. आपण ईएमआयवर फोन घेतो तसे.

पाकिटामागचे गणित असे. यूट्यूबच्या दोन अब्जांचे ४८ टक्के म्हणजे ९६ कोटी डॉलर. भागिले ३२ संघ, म्हणजे प्रत्येकी तीन कोटी. २७.९२ कोटींच्या कॅपमध्ये ‘संडे तिकीट’चा हिस्सा ढोबळमानाने एवढा, पार्सन्सच्या एका वर्षाच्या सरासरी पगारापेक्षाही कमी. शिवाय यूट्यूब लीगला ठरलेली रक्कम देते. माझ्या मित्राने पॅकेज घेतले काय, न घेतले काय, पार्सन्सच्या खात्यात एक सेंटही इकडचा तिकडे होत नाही.

सॅलरी कॅप सुरू झाला १९९४ मध्ये, तेव्हा तो होता ३.४६ कोटी डॉलर. ‘संडे तिकीट’ही त्याच वर्षी सुरू झाले. २०२५ पर्यंत कॅप आठपट झाला. दोन्ही जन्मवर्षे एकच असल्याने चाहत्यांना ती एकाच आईची लेकरे वाटत असावीत.

मग ‘संडे तिकीट’ स्वस्त का होत नाही?

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात मिळाले. सान फ्रान्सिस्कोतील ‘मकी डक’ या पबने २०१५ मध्ये लीगविरुद्ध दावा लावला होता. पुढे त्याचा सामूहिक दावा झाला : २०११ ते २०२२ या मोसमांत पॅकेज घेतलेले २४ लाखांहून अधिक घरगुती ग्राहक आणि ४८ हजार पब, हॉटेले व इतर व्यवसाय. म्हणणे एकच, लीगने मुद्दाम किंमत चढी ठेवली.

सुनावणीत समोर आलेल्या कागदपत्रांनुसार, डायरेक्टीव्हीचा करार संपत असताना ईएसपीएननेही या पॅकेजसाठी रस दाखवला होता. त्यांचा बेत होता संपूर्ण मोसम ७० डॉलरला देण्याचा आणि एका संघाचेच सामने हवे असणाऱ्यांना तेवढेच विकण्याचा. माझ्या मित्राला नेमके हेच हवे आहे. लीगने ते स्वीकारले नाही.

का? सीबीएस आणि फॉक्स रविवार दुपारसाठी प्रत्येकी वर्षाला दोन अब्ज डॉलरहून अधिक मोजतात. त्यांची कमाई स्थानिक प्रेक्षकांच्या संख्येवर चालणाऱ्या जाहिरातींची. डॅलसमधील लाखभर लोक ७० डॉलरमध्ये ग्रीन बेचा सामना पाहू लागले, तर डॅलसच्या फॉक्स केंद्राचे तेवढे प्रेक्षक गेले. म्हणून हे पॅकेज ‘प्रीमियम’ राहावे, मोफत प्रक्षेपणाशी त्याने स्पर्धा करू नये, अशी काळजी करारातच घेतली गेली होती, असे ग्राहकांच्या वकिलांनी मांडले. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी साक्षीत ‘हे प्रीमियम उत्पादन आहे’ असेच सांगितले, फक्त त्यात त्यांना वावगे काही दिसले नाही. या वकिलांचे मांडणे खरे धरले, तर ‘संडे तिकीट’ची किंमत ते विकण्यासाठी ठरवलेली नाही. ती बहुतेकांनी ते घेऊ नये म्हणून ठरवलेली आहे. पार्सन्सचा पगार या हिशेबात कुठेच येत नाही.

काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांचीही साक्ष झाली. आपण एकट्याने हक्क विकले तर सिनसिनाटी बेंगल्सपेक्षा पुष्कळ जास्त कमावू, याची त्यांना खात्री होती. तरीही प्रत्येक संघाने वेगळे टीव्ही करार करण्याला त्यांचा विरोध होता. कारण उघड आहे. तसे झाले तर लाखभर वस्तीचे ग्रीन बे दोन-चार वर्षांत मागे पडेल आणि पार्सन्सला १८.८ कोटी देणारा दुसरा संघच उरणार नाही. चाहत्याला चीड आणणारी एकत्रित विक्रीच लहान गावाचा संघ जिवंत ठेवते, ही यातली खरी अडचण.

निकाल काय लागला?

२७ जून २०२४ रोजी ज्युरीने लीगला दोषी ठरवून ४.७ अब्ज डॉलरची भरपाई ठोठावली. मक्तेदारीविरोधी कायद्यात भरपाई तिप्पट होते, म्हणजे १४ अब्जांच्या वर. पाच आठवड्यांनी, १ ऑगस्टला, न्यायाधीश फिलिप गुटिएरेझ यांनी हा निकाल रद्द केला. ग्राहकांच्या बाजूच्या दोन अर्थतज्ज्ञांची साक्ष ग्राह्य धरण्याजोगी नव्हती, असे त्यांनी म्हटले. ज्युरीच्या आकड्यावरही त्यांनी बोट ठेवले. ज्युरीने बहुधा पॅकेजची छापील किंमत, सुमारे २९४ डॉलर, घेतली. त्यातून ग्राहकांनी प्रत्यक्षात सरासरी भरलेले सुमारे १०३ डॉलर वजा केले आणि उरलेले १९१ डॉलर ही ‘जादा आकारणी’ धरून ग्राहकसंख्येने गुणले. म्हणजे ग्राहकाला जी सूट मिळाली होती तिलाच नुकसान ठरवले! इंजिनीअरिंगच्या पेपरात अशी वजाबाकी केली असती, तर स्टेपचेही मार्क मिळाले नसते.

पण उत्तर चुकले म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. १९६१ च्या कायद्यातील सूट फुकट टीव्हीसाठी होती. पैसे भरून घ्यायच्या उपग्रह आणि स्ट्रीमिंग पॅकेजला ती लागू होते का, हा वाद कायम आहे. ग्राहकांनी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात अपील केले. दरम्यान लीग आणि ईएसपीएनने ६ ऑगस्टच्या सुमारास वेगळीच सोयरीक जाहीर केली : एनएफएल नेटवर्क आणि इतर काही माध्यम मालमत्ता ईएसपीएनकडे जातील आणि बदल्यात लीगला ईएसपीएनचे १० टक्के भागभांडवल मिळेल. ऑगस्ट २०२५ मध्ये नियामकांची मंजुरी बाकी होती. ती मिळाल्यावर ७० डॉलरचा बेत मांडणाऱ्या कंपनीत खुद्द लीगच भागीदार होणार होती.

आयपीएलशी तुलना केली तर?

आपल्याकडे २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे आयपीएल प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये एका संघाची लिलावाची पर्स १२० कोटी होती. सामन्याचे मानधन वगैरे धरून एकूण मर्यादा १४६ कोटी. दहा संघांचे १,४६० कोटी, म्हणजे निव्वळ प्रक्षेपण हक्कांच्याही १५ टक्के. तिकिटे आणि प्रायोजक धरले तर आणखी कमी. ऋषभ पंतचे २७ कोटी ऐकून आपण डोळे विस्फारतो, पण महसुलातला ठरीव टक्का मागणारी खेळाडूंची संघटना आयपीएलमध्ये नाही. दुसरीकडे, २०२५ मध्ये जिओहॉटस्टारवर तीन महिन्यांच्या १४९ रुपयांत सगळे सामने दिसत होते आणि पुण्यात राहून चेन्नईचा सामना पाहायला वेगळे पैसे पडत नाहीत. सामने एकाच वेळी फारसे होत नाहीत, हेही त्याचे एक कारण.

आणखी एक गंमत मित्राला मी सांगितली, ती त्याला आवडली नाही. अमेरिकेबाहेर अनेक देशांत डॅझोनवरील ‘गेम पास’च्या एकाच वर्गणीत एनएफएलचे सगळे सामने दिसतात. कारण तिथे जपायला सीबीएस-फॉक्सची स्थानिक केंद्रे नाहीत. ज्या देशाचा हा खेळ, तिथेच अशी वर्गणी विकत मिळत नाही.

मित्र आता काय करणार?

त्याने पॅकर्सचे वेळापत्रक काढले. २०२५ च्या मोसमातील सतरापैकी किमान पाच सामने देशभर दिसणारे होते. ११ सप्टेंबरचा गुरुवारचा सामना अॅमेझॉनवर होता आणि प्राइम त्याच्याकडे आहेच. थँक्सगिव्हिंगचा फॉक्सवर, स्टीलर्सविरुद्धचा एनबीसीवर, ईगल्सविरुद्धचा सोमवारी रात्री. उरलेल्या दुपारच्या सामन्यांसाठी त्याने ऑफिसजवळचा एक स्पोर्ट्स बार हेरला आहे. बारवाल्याला व्यावसायिक पॅकेजसाठी घरगुती ग्राहकापेक्षा कितीतरी जास्त पैसे भरावे लागतात आणि तो ते नाचोच्या बिलात वसूल करतो, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले.

पाचवा सामना २८ सप्टेंबरला रविवारी रात्री, पार्सन्सच्या जुन्याच मैदानात होता : ग्रीन बे विरुद्ध डॅलस. तो एनबीसीवर होता. अँटेना लावला की फुकट.